मगे तुझो आवाज कळतलो कसो?

वेंगुर्ल्याहून बरेच जण विचारतात, इंग्लंडात लीड्सला गेल्यावर व्हायोलिन चालू आहे की सुटलं? चालू आहे, आणि नुसतं घरात नाही, मी इथल्या एका युथ सिंफनी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटात बसते. आईची नोकरी इथल्या हॉस्पिटलात, म्हणून आम्ही इकडे आलो आणि शाळेतल्या म्युझिकच्या बाईंनी ऑडिशनचा फॉर्म हातात दिला.

ऑडिशनला आपल्या पसंतीचा एक पीस, थोड्या स्केल्स आणि साइट रीडिंग, म्हणजे कधी न बघितलेला कागद समोर ठेवतात, जरा वेळ बघू देतात आणि वाजव म्हणतात. ते मला जमलं ते म्हापशाच्या सरांमुळे. रविवारी एसटीने मी त्यांच्याकडे जायचे आणि सर आधी स्वर वाचून गायला लावायचे, मग व्हायोलिन हातात द्यायचे. सर स्वतः चर्चच्या शाळेत शिकलेले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून अशा शाळांत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, पुढे मुंबईच्या सिनेमांच्या स्टुडिओत एवढे गोंयकार वादक दिसले ते त्यातूनच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, त्यांनी तर १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि लताबाई आणि मन्ना डे यांना त्यात गायला उभं केलं. हे सगळं आपल्या बांद्याच्या पलीकडेच आहे आणि आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. सध्या आमचं चाललंय संगीतकार द्वोर्जाकची नववी सिंफनी, ‘न्यू वर्ल्ड’. हा माणूस मूळचा बोहेमियाचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला आणि तिथे बसून त्याने ही लिहिली, डिसेंबर १८९३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. घर सोडून आलेल्याला ती का लागते ते दुसऱ्या भागात कळतं. तिथे मेन धून कोर आंग्लेकडे असते, ओबोचंच मोठं भावंड म्हणा, आणि खाली आम्ही सगळे स्ट्रिंगवाले. ती सुरू व्हायच्या आधी सगळे जण ब्रिजवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी घोडीवर, म्यूट चढवतात, छोटासा काळा रबराचा तुकडा असतो, आणि तो बसला की व्हायोलिनचा सगळा चकाकता आवाज आत जातो, मऊ होतो. त्या म्यूटखाली आम्ही लांबच लांब सूर धरून ठेवतो, बो, म्हणजे गज, इतका हळू ओढायचा की हात दुखतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला लागतो तो कोर आंग्लेच.

हे मी आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तू एकटी वाजवणस नाय? मगे तुझो आवाज आमका कळतलो कसो?”

आजी, नाही कळायचा, आणि कळू नये हेच तर माझं काम आहे. माझ्या मागच्याला माझा सूर वेगळा ऐकू आला तर आमची सेक्शन ट्यूटर लगेच थांबवते. आमच्या सेक्शनमध्ये दोघांत एक स्टँड, आतल्या बाजूचा पान उलटतो तेव्हा बाहेरचा वाजवत राहतो. बो वर जायचा की खाली ते सगळ्यात पुढच्या स्टँडवरून ठरतं, आपण पेन्सिलने कागदावर तशी खूण करायची, म्हणून पेन्सिल विसरून कोणी येत नाही. सुरुवातीला ओबो ‘ए’ हा एक सूर देतो, इथे ४४० हर्ट्‌झ, त्यावर सगळ्यांनी तारा लावायच्या, तू कितीही हुशार अस.

आणि आमचा झांजवाला बघायला हवा. आपल्या भजनाच्या डबलबारीत झांज रात्रभर हातातून सुटत नाही, इथे अख्ख्या चाळीसेक मिनिटांच्या सिंफनीत झांजेला एकच ठोका, चौथ्या भागात, तोही दणक्याचा नाही. दर रिहर्सलला तो पोरगा येतो, बार, म्हणजे तालाची आवर्तनं, मोजत बसतो, झांज उचलतो, वाजवतो. तो चुकला तर दुसरी संधी नाही. ट्यूबावाल्यालाही, म्हणजे मोठं पितळी वाद्य फुंकणाऱ्याला, दुसऱ्या भागात मोजकेच सूर. मला आधी वाटायचं ही पोरं कंटाळत कशी नाहीत, आता वाटतं त्यांच्याइतकं कान देऊन कोणीच ऐकत नसेल.

सिंधुदुर्गातल्या आईबाबांसाठी मात्र एक सांगते. सगळे पोरांना व्हायोलिन नाहीतर गिटार घेऊन देतात, इथे ऑर्केस्ट्राला व्हायोला (व्हायोलिनचं जरा मोठं भावंड), बासून (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य), डबल बेस (सगळ्यात मोठं तारवाद्य) वाजवणारी पोरं हवी असतात आणि मिळत नाहीत. आणि आपल्यातलं कोण करतंय असं कृपया म्हणू नका, लॉस एंजेलिसला १९६४ मध्ये अमेरिकन युथ सिंफनी सुरू करणारे मेहली मेहता मुंबईचेच, झुबिन मेहतांचे वडील. लहान पोरांसाठी अर्ध्या, पाव साइजची व्हायोलिनं मिळतात, थेट मोठं घेऊन देऊ नका, खांदा धरतो.

गणपतीला सुट्टी जुळली तर मी घरी येतेय. माझा सेकंड व्हायोलिनचा पार्ट घेऊन येईन, पेन्सिलच्या खुणांसकट, ज्या पोरांना वाचायला शिकायचंय त्यांनी सकाळच्या आरतीनंतर या, दुपारी भजनवाले येतात.