६० लिटरची टाकी, आठवडा ११: खडक दिसायला लागला

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं केसाळ शेवाळ अकरा आठवड्यांच्या झगड्यानंतर अखेर मागे हटतंय. पूर्ण गेलेलं नाही, पंपाखालच्या कोपऱ्यात अजून मूठभर आहे. पण सप्टेंबरात खडकाने हिरवी गोधडी पांघरली होती, तिथे आता कोरलाइनचे (हे हवंसं, कठीण शेवाळ) जांभळे डाग उघडे पडलेत.

टाकी चौदा महिन्यांची. क्लाउन माशांची जोडी, एक गोबी मासा, आणि प्रवाळांत झोआ, मशरूम आणि एक हॅमर. खारटपणा (विशिष्ट घनता) १.०२५, तापमान २५-२६.

पहिले पाच आठवडे मी भलतीकडेच धावत होतो. चाचणीत फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, शून्य यायचं, म्हणून खापर दिव्यावर फोडलं. दहा तासांचे सात केले, मासे बिचारे अर्धपोटी ठेवले. शेवाळ ढिम्म. पाण्यात जे काही येतंय ते मीटरपर्यंत पोचायच्या आतच शेवाळ खाऊन टाकतंय, हे डोक्यात शिरायला पाच आठवडे गेले!

मग येतंय कुठून? ब्रिटनमध्ये शिशाच्या जुन्या नळांतून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून बहुतेक ठिकाणी नळाच्या पाण्यात मुद्दाम फॉस्फेट घालतात. पिणाऱ्या माणसाला त्याचा काही त्रास नाही. इथे लंडनजवळ स्लावला आमच्या नळाचं पाणी पातळ करून मोजलं तर फॉस्फेट ३ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास निघालं. मला टाकीत ०.०५ हवं असतं.

नळाचं पाणी मेंब्रेन आणि रेझिनमधून शुद्ध करणारं आरओ-डीआय यंत्र आहे म्हणून मी निर्धास्त होतो. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा ३१. यायला हवा शून्य. मेंब्रेन थकलेला आणि रेझिन संपलेलं. रेझिन संपलं की रंग बदलणाऱ्या प्रकारचंच होतं, पण डबा सिंकखाली अंधारात, वाकून बघतंय कोण! त्या 'शुद्ध' पाण्यात फॉस्फेट ०.२. आता हिशोब बघा: हीटिंग सुरू झाल्यापासून रोज लिटरभर पाणी उडतं, तेवढं मी वरून भरतो. उडतं ते नुसतं पाणी, फॉस्फेट टाकीतच राहतं. शिवाय रविवारी ६ लिटर बदली. म्हणजे आठवड्याला सुमारे २.६ मिलिग्रॅम, ६० लिटरमध्ये ०.०४ ची भर. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे दर रविवारी तूच खत घालत होतास."

मेंब्रेन आणि रेझिन दोन्ही बदलले, आकडा शून्यावर आला. जुनं शेवाळ मात्र हातानेच काढावं लागलं. आधी भिंगाखाली पाहिलं: साधे तंतू, पिसासारख्या फांद्या नाहीत, म्हणजे ब्रायोप्सिस हे दुसरं शेवाळ नाही. नुसतं ओढलं की तुकडे तरंगत जाऊन दुसरीकडे रुजतात, म्हणून सायफनच्या नळीला जुना टूथब्रश रबरबँडने बांधला. घासलेलं थेट बादलीत. बादलीतला लगदा फडक्यात पिळला तर पालक चिरल्यासारखं हिरवं पाणी आणि ओल्या किनाऱ्याचा वास. सुटे दोन खडक बाहेर काढून त्यांच्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले, काही मिनिटं फेस येऊ दिला, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात धुऊन परत ठेवले. चार दिवसांत तंतू पांढरे पडले.

गोगलगायींबद्दल: टर्बो लांब केसांना तोंडही लावत नाही, आखूड केल्यावर मग चरते. ती रणगाड्यासारखी चालते, एक मशरूम तिने दोनदा पाडलं. ट्रोकस बरी, उलटी पडली तर आपली आपण सुलटी होते.

एक चूक अजून. उतावीळपणे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) दुप्पट घातलं. फॉस्फेट या वेळी खरोखरच शून्य झालं, हॅमर आकसला आणि वाळूवर बुडबुडे धरलेले तपकिरी चिकट धागे दिसले. डायनोची (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांची) शंका आली तशी अर्धं जीएफओ काढलं आणि खाणं पूर्ववत केलं. दहा दिवसांत धागे गेले. शेवाळाशी मी कितीही भांडेन, डायनोशी नको रे बाबा.

आजचे आकडे: नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०४. हॅमरची टोकं संध्याकाळी पुन्हा फुगायला लागलीत. झोआच्या देठांमधलं शेवाळ मात्र चिमट्याने एकेक उपटतोय, तिथे पेरॉक्साइडची हिंमत नाही. काल पाऊण तासात दोन देठ झाले.