कार्बन रॉड, चौथी बॅच: घड्याळ चालून राहिलं!

तर भाऊ, चौथी बॅच गेल्या आठवड्यात भट्टीतून निघाली. आठ कांड्या टाकल्या होत्या, पाच साबूत निघाल्या, दोन तुटल्या आणि एक केळ्यासारखी वाकडी झाली. मागच्या तीन बॅचेसचा निकाल पाहता ही आपली दिवाळीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टॉर्चचे जुने सेल फोडून रॉड काढायचा कंटाळा आला होता, म्हटलं आपणच बनवू. कोकचा (हवा न लागू देता भाजलेल्या दगडी कोळशाचा) बारीक चुरा घ्या, त्यात काहीतरी चिकट घाला, दाबून कांडी करा आणि हवा न लागू देता भाजा. ऐकायला बेसनाचे लाडू वाटतात.

पहिल्या बॅचला मी शेगडीचा लाकडी कोळसा कुटून घेतला होता, ती चूक. तो मुळात कमी तापमानावर झालेला असतो, परत जोरात तापवला की आक्रसतो, त्यामुळे सगळ्या कांड्या तडकल्या. मग वाटलं आपण तर नागपुरात, कोळशाच्या गावात राहतो, उमरेड, कामठी, सावनेर, कुठेही जा खाणी आहेत, पण हा कोळसा कोक बनवायच्या कामाचा नाही, तो कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जाळायला जातो. शेवटी हिंगण्याकडच्या एका फाउंड्रीतून दोन किलो हार्ड कोक मागून आणला. तो आधीच हजार डिग्रीच्या आसपास भाजलेला, म्हणजे जे आक्रसायचं ते आक्रसून झालेलं. खलबत्त्यात कुटला आणि मैद्याच्या चाळणीने चाळला (चाळणी नवीन आणून दिली आहे, विषय संपला).

चिकटवायला कारखान्यात कोळशाच्या डांबराची पिच (डांबर आटवून उरलेला घट्ट भाग) वापरतात, भाजल्यावर तिचा साधारण अर्धा भाग कार्बन म्हणून उरतो. दुसऱ्या बॅचला मी पण डांबर आणलं होतं. आई खालून ओरडली, "काऊन रे, घरात रोड बनवून राहिला का?" वासाचं सोडा, त्या धुरात कॅन्सर करणारे पदार्थ असतात, म्हणून ते बंद केलं आणि साखरेच्या पाकावर आलो. साखरेत वजनाच्या ४२ टक्के कार्बन असतो, पण हा कागदावरचा हिशोब, हातात त्याहून कमीच येतो. त्यामुळे कांडी भाजून झाली की आत भोकंच भोकं. उपाय म्हणजे भाजलेली कांडी परत पाकात बुडवायची आणि परत भाजायची. कारखान्यातही पिच घालून हेच करतात, माझं आपलं गुलाबजामसारखं.

आता वाळवणं. बारा-पंधरा दिवस यातच गेले. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू, गच्चीवर ४५ डिग्री, म्हटलं यापेक्षा चांगला ड्रायर कुठे मिळेल? तासाभरात वरची साल कडक आणि आतला गाभा ओला, संध्याकाळी बघतो तर प्रत्येक कांडीला उभी चीर. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगून राहिलो: ऊन नको. आता कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून कूलरच्या खोलीत तीन दिवस ठेवतो, तिथल्या दमट हवेत आरामात वाळतात, आणि मगच जुन्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० पासून २०० पर्यंत सहा तासांत चढवतो. साखर १८६ च्या आसपास वितळते आणि काळी होता होता फसफसते, तिथे घाई केली की कांडी पापडासारखी फुगते. तिसरी बॅच पूर्ण अशीच गेली.

शेवटचं भाजणं लोखंडी पाइपात. साधा काळा पाइप घ्या, जीआय (जस्त चढवलेला) नको, त्यावरच्या जस्ताचा धूर निघतो. कांड्यांच्या भोवती कोकचाच चुरा ठासून भरायचा म्हणजे आत शिरलेला ऑक्सिजन आधी त्याला खातो. टोपणाला बारीक भोक पाहिजेच, गॅस बाहेर पडला नाही तर पाइपाचा बॉम्ब होईल. थर्मामीटर नाही, म्हणून एक जुगाड केला: पाइपासोबत एका वाटीत ॲल्युमिनियमची तार, चिमूटभर मीठ आणि तांब्याची तार ठेवली. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, मीठ ८०१ ला, तांबं १०८५ ला. या वेळी मिठाचा काचेसारखा गोळा झाला आणि तांबं जसंच्या तसं, म्हणजे मधे कुठेतरी पोहोचलो. तिसऱ्या बॅचला मीठ दाण्यादाण्याचंच राहिलं होतं आणि त्या कांड्या मीटरवर किलोओहम दाखवत होत्या, म्हणजे वीज जेमतेमच जात होती (ओहम जितके कमी तितकी कांडी चांगली).

या वेळी मीटरवर ३.८ ओहम आले आणि मी खट्टू झालो. मग डोकं चाललं, मीटरच्या टोकांचा कांडीला नीट संपर्कच नव्हता. दोन्ही टोकांना तांब्याची तार करकचून गुंडाळली, १ अँपिअर सोडला आणि मधल्या ५ सेंटीमीटरवर व्होल्ट मोजले तर ०.९, म्हणजे ०.९ ओहम. दुसरं भाजणं बाकी आहे अजून. सेलमधला विकतचा रॉड याच पद्धतीने मोजला तर व्होल्ट इतके कमी की मीटर नीट हललाच नाही, तेव्हा जास्त उडायचं कारण नाही.

वापर म्हणून लेक्लांशे घट केला, म्हणजे टॉर्चच्या सेलचा ओला पूर्वज, १८६६ चं डिझाइन. कापडाच्या पिशवीत आपली कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइड आणि कोकचा चुरा ठासून, बरणीत नवसागराचं पाणी, बाजूला जस्ताची पट्टी. नवसागर इतवारीत मिळाला, कल्हईवाले वापरतात तोच. मँगनीजचं तर आपल्याला घरचंच कौतुक, मँगनीज काढणाऱ्या मॉईल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आणि भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलवाल्यांकडेच जातं. व्होल्टेज १.४६ आलं. भिंतीवरचं घड्याळ लावलं, चाललं! (घड्याळ फारच कमी करंट खातं, त्यामुळे यात तीर मारला असं नाही, पण नाचलो मात्र.)

तिसऱ्या दिवशी कांडीच्या डोक्यावरची तांब्याची तार हिरवी पडली. सच्छिद्र कांडीतून नवसागराचं पाणी वर चढत होतं. तेव्हा लक्षात आलं की विकतच्या रॉडला मेण किंवा तेल पाजलेलं असतं ते याचसाठी, आणि मी दोन वर्षं ते रॉड गॅसवर धरून, धूर निघेपर्यंत तापवून "स्वच्छ" करत होतो. स्वतःलाच शिव्या घातल्या. आता देवघरातल्या मेणबत्त्या वितळवून कांडीचा वरचा दोन सेंटीमीटर भाग त्यात बुडवला, तारेच्या जागी नवीन तार.

शेजारचे काका पूर्वी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, कार्बन आर्कवाले, म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या झोताच्या उजेडावर चालणारे प्रोजेक्टर त्यांनी चालवलेत. त्यांनी माझी वाकडी कांडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "प्लसची जाड ठेव रे, ती जास्त खाते." वेल्डिंगची काच आणल्याशिवाय मी काही आर्क पेटवणार नाही, पण जाड साचा करायला टाकला आहे.

घड्याळ सहावा दिवस, दोन मिनिटं मागे आहे. ते आधीपासूनच मागे पडायचं.