बंद खोक्याची हमी कोण देणार?

1980 साली अमेरिकेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांचे एक पाकीट 25 सेंटना मिळत असे. मेण लावलेल्या कागदाच्या त्या पाकिटात खेळाडूंची 15 कार्डे आणि बबलगमची एक चपटी गुलाबी पट्टी असे. दुकानदाराकडे अशी 36 पाकिटे पुठ्ठ्याच्या एका खोक्यात येत आणि तो खोका झाकण मागे दुमडून गल्ल्याशेजारी मांडला जाई. म्हणजे अख्खा खोका उचलला तरी नऊ डॉलरच्या वर खर्च नव्हता. तोच खोका पाकिटे न फोडलेल्या अवस्थेत आज हजारो डॉलरना विकला जातो, आणि हा व्यवहार बहुतेक वेळा इंटरनेटवरून, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये होतो. आपल्याकडे बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवण्यात ज्यांनी लहानपणी खाऊचे पैसे घातले, त्यांना या छंदाचे मूळ समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचा आजचा बाजार मात्र समजावून सांगायला हवा, कारण शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींची मुले या कार्डांच्या नादी लागली आहेत, आणि पुण्या-नाशिकचे नातेवाईकही अलीकडे विचारू लागले आहेत की गुंतवणूक म्हणून असा एखादा जुना खोका घेऊन ठेवावा का.

1980 च्या त्या खोक्याला एवढी किंमत येते ती मुख्यतः एका कार्डामुळे. रिकी हेंडरसन हा बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक म्हणजे 1406 बेस चोरणारा (म्हणजे फलंदाजाने चेंडू मारण्याची वाट न पाहता धावत पुढचा टप्पा गाठणारा) खेळाडू, आणि टॉप्सच्या त्या वर्षीच्या संचातले 482 क्रमांकाचे कार्ड हे त्याचे पदार्पणाचे कार्ड. पीएसए या तपासणी संस्थेने दहापैकी दहा गुण दिलेल्या त्याच्या प्रतीला लाखाहून अधिक डॉलर आलेले आहेत. आता साधा हिशेब करून पाहावा. 36 पाकिटांत मिळून 540 कार्डे होतात आणि पूर्ण संच 726 कार्डांचा आहे, त्यामुळे कोणीही हात न लावलेल्या, अगदी प्रामाणिक खोक्यातसुद्धा सरासरीने हेंडरसनचे एक कार्डही येत नाही. आले तरी त्या काळची छपाई आणि कापणी अशी होती की चित्राभोवतीची पांढरी किनार चारही बाजूंना क्वचितच सारखी असे, आणि किनार एका बाजूला सरकली की गुण घसरतात. शिवाय बबलगम ज्या कार्डाला चिकटून चाळीस वर्षे राहिला त्या कार्डावर डाग पडतो, आणि पाकिटाच्या कडेच्या कार्डावर मेण उतरते. तरीही लोक हजारो डॉलर मोजतात ते या शक्यतेसाठी. खोका बंद आहे तोवर ती शक्यता शाबूत असते आणि म्हणूनच बंद खोक्याला आतल्या कार्डांच्या बेरजेपेक्षा जास्त भाव मिळतो.

या व्यवहाराचा सगळा धोका इथेच आहे. इतर कोणतीही जुनी वस्तू घेताना आपण ती उलटीसुलटी करून पाहतो, जाणकाराला दाखवतो, पटली नाही तर परत करतो. बंद खोक्यातला माल पाहायचा तर तो फोडावा लागतो, आणि फोडला की ज्यासाठी पैसे दिले ती गोष्ट संपते. लबाड माणसाला याहून सोयीचा माल मिळणार नाही. माझ्या मते अशा खरेदीत आपण खोका विकत घेतच नाही. विकणाऱ्याचा शब्द विकत घेतो, आणि तो खोका इतकी वर्षे कोणाकोणाच्या हातांतून आला याची हकिकत विकत घेतो. हे ध्यानात ठेवले तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुचतात.

पाकिटांशी छेडछाड कशी होते ते मला शिकागोजवळच्या रोझमॉन्टच्या एका कार्डप्रदर्शनात एका वयस्कर विक्रेत्याने टेबलावरच्या दिव्याखाली दाखवले. त्याने एकाच वर्षाची दोन पाकिटे पालथी ठेवली. मेणकागदाच्या पाकिटाच्या मागे कागदाच्या घड्या एकमेकींवर येतात आणि कारखान्यात यंत्राच्या उष्णतेने तेथे मेण वितळून त्या चिकटतात. पहिल्या पाकिटावर ही चिकटलेली जागा एकसारखी, जराशी निस्तेज आणि सरळ कडेची होती. दुसऱ्यावर त्याच जागी मेणाच्या दोन रेषा होत्या, एक जुनी आणि तिच्या किंचित बाजूला दुसरी. घडीच्या टोकाला बारीक सुरकुत्या होत्या आणि त्या भागावर बाकीच्या कागदावर नसलेली चकाकी होती. कोणीतरी घडी हलक्या हाताने सोडवली होती, आतली कार्डे चाळून चांगले कार्ड काढून घेतले होते, त्याजागी एखाद्या सामान्य खेळाडूचे कार्ड सरकवले होते आणि इस्त्रीसारख्या गरम पत्र्याने घडी पुन्हा दाबून बसवली होती. दोन्ही पाकिटे शेजारी ठेवल्यावर फरक मलाही दिसला. पण दुसरे पाकीट एकटे पाहिले असते तर मला काहीही कळले नसते, आणि इंटरनेटवरच्या छायाचित्रात तर मुळीच नाही. तेथे 36 पाकिटांचा खोका वरून टिपलेला असतो, पाकिटांच्या पाठी दिसतच नाहीत. पुष्कळदा ते छायाचित्रही विकल्या जाणाऱ्या खोक्याचे नसते, तशाच दुसऱ्या खोक्याचे असते.

पारदर्शक सेलोफेनच्या पाकिटांची गोष्ट आणखी बिकट आहे. त्यांत वरचे आणि खालचे कार्ड बाहेरून दिसते, आणि दिसणारे कार्ड मोठ्या खेळाडूचे असेल तर पाकिटाची किंमत अनेक पटींनी वाढते. साहजिकच हवे ते कार्ड वर ठेवून पाकीट नव्याने तयार करण्याचा मोह तेवढाच मोठा असतो. टॉप्स पूर्वी विक्रीयंत्रांसाठी 500 सुट्या कार्डांचे खोकेही काढत असे. त्यांत पाकिटेच नसल्याने ते चाळून पुन्हा भरायला कौशल्यही लागत नाही.

आणखी एका प्रकारात एकाही पाकिटाला हात लागलेला नसतो, तरी खोक्यातला कस गेलेला असतो. कार्डे मोठ्या तक्त्यांवर छापून, कापून, यंत्राने ओळीने पाकिटांत भरली जात. त्यामुळे पुष्कळ खोक्यांत कार्डांचा क्रम ठरावीक पद्धतीने पुढे सरकतो. ज्याला हा क्रम पाठ आहे तो दोन-चार पाकिटे फोडून हवे ते कार्ड कोणत्या पाकिटात असणार हे ताडतो, तेवढी पाकिटे उचलतो आणि रिकाम्या जागी दुसऱ्या खोक्यातली, ते कार्ड ज्यांत नाही हे ठाऊक असलेली बंद पाकिटे घालतो. आता खोक्यातले प्रत्येक पाकीट खरोखरच कारखान्यातून आले तसे बंद आहे. विकणारा तसे शपथेवर सांगू शकतो आणि ते खरेही असते.

नवख्या ग्राहकाला धीर येतो तो खोक्यावरच्या तलम प्लॅस्टिकच्या आवरणामुळे, आणि नेमका तेथेच तो फसतो. टॉप्सचे सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतले मेणकागदी पाकिटांचे खोके कारखान्यातून असे गुंडाळून येतच नव्हते. झाकण नुसते खोचलेले असे. अशा खोक्यावर प्लॅस्टिक दिसले तर ते नंतर कोणीतरी चढवले आहे एवढेच सिद्ध होते, आणि ते कोणी चढवले हा खरा प्रश्न असतो. इंडियाना राज्यातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज ही संस्था असे खोके तपासून स्वतःच्या नावाच्या आवरणात बंद करून देते. बाजारात या आवरणाला मान आहे, आणि खोका कारखान्याच्या सीलबंद, अनेक खोक्यांच्या पेटीतून निघालेला असेल तर ती तशी नोंदही करते. मीही कोणाला खोका घ्यायचाच असेल तर असाच घ्या असे सांगतो. तरी बाहेरून केलेल्या तपासणीला मर्यादा असते हे 2022 च्या जानेवारीत साऱ्या जगाने पाहिले. लोगन पॉल या प्रसिद्ध यूट्यूबरने पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या आवृत्तीची म्हणून एक सीलबंद पेटी 35 लाख डॉलरना घेतली होती. ती पेटी याच संस्थेने अस्सल ठरवली होती. शिकागोत तिच्याच माणसांच्या उपस्थितीत पेटी उघडली, तेव्हा आत जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डे निघाली. पेटी बाहेरून पाहूनच मत द्यावे लागते, आणि अनुभवी नजरही पुठ्ठ्याच्या आत जात नाही.

जाहिरातींत वारंवार आढळणारी हकिकत म्हणजे आजोबांच्या माळ्यावर सापडलेला खोका. ही हकिकत पटते, कारण असे खरोखर घडलेले आहे. 2012 साली ओहायो राज्यातल्या डिफायन्स या गावी एका कुटुंबाला आजोबांच्या घराच्या माळ्यावर शंभर वर्षांपूर्वीची सुमारे 700 कार्डे अतिशय उत्तम स्थितीत सापडली. 1952 सालच्या टॉप्स संचातले मिकी मँटल या बेसबॉलपटूचे जे कार्ड 2022 च्या ऑगस्टमध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले, तेही ऐंशीच्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये एकाच ठिकाणी सापडलेल्या मोठ्या साठ्यातले. पण या साठ्यांची माहिती जाणकारांनी समोर बसून तपासलेली आणि नोंदलेली आहे. इंटरनेटवरच्या माळ्याला पत्ता नसतो. अशा विक्रेत्याच्या मागच्या विक्रीची यादी उघडून पाहावी. त्याच्याकडे दर महिन्याला नवा माळा सापडत असेल, किंवा तो एका बाजूला बंद खोके आणि दुसऱ्या बाजूला त्याच वर्षांची सुटी भारी कार्डे विकत असेल, तर तेथून निघावे. ‘माझ्या माहितीप्रमाणे न चाळलेला’ असे लिहिणारा विक्रेता कशाचीही हमी देत नाही, हेही समजून घ्यावे.

फसल्यावर दाद मागणे किती अवघड असते ते आमच्या एका नागपूरकर मित्राच्या अनुभवावरून कळले. त्याने मुलाच्या वाढदिवसासाठी ऐंशीच्या दशकातला एक खोका इंटरनेटवरून घेतला. मुलाने दहा-बारा पाकिटे फोडल्यावर बापलेकांच्या लक्षात आले की एकाही पाकिटात नावाजलेला खेळाडू नाही आणि काही पाकिटांतल्या एकाही कार्डावर बबलगमचा डाग नाही, जरी बबलगमचे तुकडे आत आहेत. विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याचे उत्तर आले की फोडलेला माल परत घेतला जात नाही आणि चांगली कार्डे तुम्हीच काढून घेतली नाहीत कशावरून. या प्रश्नाला मित्राकडे उत्तर नव्हते, कारण ते कोणाकडेच नसते. ईबेसारख्या ठिकाणी वर्णनाशी न जुळणाऱ्या मालासाठी माल हाती आल्यापासून 30 दिवसांत तक्रार करता येते, परंतु गुंतवणूक म्हणून घेतलेला खोका लोक दहा वर्षे कपाटात ठेवतात. म्हणून खोका आल्याबरोबर, एकही पाकीट न फोडता, प्रत्येक पाकिटाची पाठ चांगल्या उजेडात पाहावी, छायाचित्रे काढावीत आणि शंका आली तर त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावे. आलेले पार्सल उघडण्यापासूनचे चित्रीकरण सलग करावे. पैसे क्रेडिट कार्डाने त्या संकेतस्थळावरूनच द्यावेत. थोडी सवलत देतो, पेपॅलवर मित्राला पाठवतात तसे पाठवा, असे म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नये, कारण तशा व्यवहाराला ग्राहकसंरक्षण लागू होत नाही.

साधारण 1987 ते 1993 या काळातले खोके या फसवणुकीच्या धोक्याला बऱ्याच अंशी अपवाद आहेत. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी कार्डे छापली की बहुतेक खोके आजही थोडक्या डॉलरांत मिळतात, आणि त्यांतून काढून घेण्यासारखे फारसे नसल्याने ते चाळण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. केवळ ‘व्हिंटेज’ हा शब्द लावून कोणी त्यांना मोठी किंमत सांगितली तर ती देऊ नये. भारतातल्या भाच्या-पुतण्यांना पाकीट फोडण्याचा आनंद द्यायचा असेल तर 1987 सालचा, लाकडी किनारीच्या नक्षीचा टॉप्सचा खोका मी निःशंक मनाने सुचवतो. ज्यांना मात्र हेंडरसनचे कार्डच हवे आहे, मग ते आवडीपोटी असो की गुंतवणूक म्हणून, त्यांनी खोक्याच्या वाटेला जाऊ नये. पीएसएने तपासून प्लॅस्टिकच्या कोंदणात बंद केलेले एकच कार्ड घ्यावे. त्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू पैसे देण्यापूर्वी दिसतात, आणि कोंदणावरचा क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून तो याच कार्डाचा आहे की नाही हे घरबसल्या ताडून पाहता येते.