रिकाम्या घरात पंगत

घराचं रजिस्ट्रेशन झालं हे कळल्यावर माणसं आधी पेढे मागतात आणि मग विचारतात, "वास्तुशांत कधी?" हप्ता किती बसला, पार्किंग मिळालं का, हे सगळं नंतर. गंमत म्हणजे असं विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांचा पूजाअर्चेशी फारसा संबंध नसतो. त्यांना जेवायचं असतं आणि घर बघायचं असतं. त्यात वावगं काहीच नाही. मीही आजवर लोकांच्या वास्तुशांतींना याच दोन कारणांसाठी गेले आहे.

आमच्या घरात गाडी "कधी"च्याही आधी अडली. घर लागल्यावर करायची की रिकामं असताना? नवरा आणि लेक एका बाजूला. आधी फर्निचर होऊ दे, पडदे लागू देत, ते पिवळे मिणमिणते दिवे येऊ देत, मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी झकास हाउसवॉर्मिंग करू. दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि मी. (ही युती क्वचितच होते, म्हणून नोंदवून ठेवते.) सासूबाईंचं म्हणणं शास्त्राचं: शांत झाल्याशिवाय राहायला जायचं नाही. माझं म्हणणं साध्या सोयीचं. सजवलेल्या घरात पाहुणे सोफ्याच्या कडेवर टेकतात, ग्लास कुठे ठेवू म्हणून विचारतात आणि मुलांना सारखं "हात लावू नको" म्हणत राहतात. रिकाम्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या की पन्नास माणसं आरामात मांडी घालून बसतात, वर दोन पोरं लोळायलाही जागा उरते.

शिवाय सल्ले वेळेवर मिळतात. सल्ले मिळणारच असतात, ते टळत नाहीत. मग भिंती फोडायच्या आधीच मिळालेले काय वाईट? माझी आत्या कुणाच्याही नव्या घरात गेली की ओट्यापाशी उभी राहून हवेतच पोळी लाटून बघते. खांदे उचलले जात असतील तर म्हणते, "इंचभर उंच झालाय गं." तिचा इंच आजवर कधी चुकलेला नाही. पण बहुतेक घरांत हे ऐकायची वेळ येते ती ग्रॅनाइट बसून पॉलिश झाल्यावर. भाऊकाकांनी उभी हयात वायरमनकीत काढली. ते दिवाणखान्यात येऊन आधी खाली बघतात, मग भिंतीकडे, मग विचारतात, "इस्त्री कुठे करणार?" आमच्या इंटिरिअरवाल्या मुलीने केलेल्या नक्षीदार थ्रीडी चित्रात झाड आहे, पुस्तकं आहेत, खिडकीतून दिसणारा समुद्रही आहे (कल्याणला!), पण इस्त्रीचा पॉइंट नाही.

तर रिकाम्या घरातच करायचं ठरलं. आता तारीख. यंदा १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. तो संपतो तोवर पाऊस, शाळा, रेनकोट. आणि २५ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास लागला, त्यात सासूबाई मोठं कार्य करू देणार नाहीत. उरला वैशाख. गुरुजींनी पंचांग बघून जे दिवस सांगितले त्यांत सुट्टीचा दिवस एकच, रविवार. आणि रविवार म्हटलं की ठाण्याच्या अलीकडच्या नि पलीकडच्या प्रत्येक माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो: मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद. मुहूर्त पंचांगात वर्षभर आधी छापून येतो. ब्लॉक स्लो लाइनवर आहे की फास्ट, हे मात्र दोन दिवस आधी कळतं. त्यामुळे आमच्या निमंत्रणात "सकाळी दहाच्या आत पोहोचावे आणि चारनंतर निघावे" अशी ओळ घालायचं चाललंय. दादरची मावशी म्हणाली, "म्हणजे आम्ही दिवसभर तिथेच?" हो, तेच तर हवंय.

पूजेची यादी गुरुजींनी छापील दिली. सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम, विड्याची पानं, पाच फळं, नारळ, तांदूळ, गहू, समिधा, गोवऱ्या, दर्भ, पंचे, ब्लाउजपीस. पूजा साहित्याच्या दुकानात यादी नुसती दाखवली की माणूस वर न बघता पिशव्या काढत जातो. सप्तमृत्तिका म्हणून एक पुडी मिळाली. शास्त्राप्रमाणे ती सात ठिकाणची माती: हत्तीच्या पायाखालची, घोड्याच्या पागेतली, वारुळाची, नद्यांच्या संगमावरची, डोहातली, राजद्वारातली आणि गोठ्यातली. प्लॅस्टिकच्या पुडीतली माती सगळी एकाच रंगाची होती. मी दुकानदाराला विचारलं, "यातली हत्तीची कुठली?" तो म्हणाला, "ताई, सगळी मिक्स आहे."

यादीच्या शेवटी पेनने लिहिलेला एक शब्द होता: शेवाळ. हे मात्र दुकानात ताजं मिळेना. मेच्या तोंडावर ठाणे जिल्ह्यात ओलं शेवाळ शोधणं म्हणजे तपश्चर्याच. शेवटी लेकीने तोडगा काढला. डोंबिवलीत आम्ही राहतो त्या इमारतीची गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते. सोसायटीच्या प्रत्येक सभेत त्यावर भांडण होतं आणि टाकी वाहतच राहते. ते पाणी ज्या भिंतीवरून उतरतं तिथे हिरवागार पट्टा आहे. लेक चमचा आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन गेली आणि वाटाण्याएवढा हिरवा गोळा खरवडून आणला. हातपाय धुवून यायला सांगितलं तर म्हणाली, "पवित्र आहे ना ते?"

हे शेवाळ लागतं वास्तुपुरुषाच्या निक्षेपाला, म्हणजे त्याची प्रतिमा पुरताना. त्याची कथा मत्स्यपुराणात आहे. अंधकासुराशी लढत असताना शंकराच्या कपाळाचा घाम जमिनीवर पडला, त्यातून एक अक्राळविक्राळ भूत उपजलं आणि त्याची भूक काही भागेना. त्याने त्रैलोक्य गिळायला घेतलं तेव्हा सगळ्या देवांनी मिळून त्याला जमिनीवर दाबलं आणि जो जिथे होता तो तिथेच त्याच्यावर बसला. म्हणून वास्तुमंडलात घरासाठी ८१ चौकटी आखतात आणि त्यांत ४५ देवता मांडतात. पंचेचाळीस पाहुणे अंगावर बसवून घेणारा यजमान जगात तो एकटाच असेल. बदल्यात त्याला प्रत्येक घरातला बळी, म्हणजे नैवेद्य मिळेल असं ठरलं. तडजोड मला फार समंजस वाटते.

प्रतिमा असते बोटाच्या पेराएवढी. ती डबीत घालून घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची. वाड्यात, बैठ्या घरात ठीक आहे. सतराव्या मजल्यावर जमीन आणायची कुठून? फरशीखाली दोन-अडीच इंच माल आणि त्याखाली स्लॅब, म्हणजे सोळाव्या मजल्याचं छत. उगाच खोल खणायला गेलं तर आमचा वास्तुपुरुष खालच्यांच्या पंख्यावर. मी मिस्त्रीला हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तर तोच म्हणाला, "वास्तूची फरशी ना? ओट्याखाली कोपऱ्यात एक सुटी ठेवलीय. पूजा झाली की फोन करा, पांढरं सिमेंट घेऊन येतो." या टॉवरमध्ये तो घराघरात हेच करत फिरतोय. फरशी बसवणाऱ्यांचं वास्तुशास्त्र पुस्तकातल्यापेक्षा जास्त पक्कं असतं.

होमाचंही तसंच. छताला स्प्रिंकलर आहेत, पॅसेजमध्ये स्मोक डिटेक्टर. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर्णाहुतीच्या क्षणी गुरुजींसकट सगळे चिंब भिजल्याचं दृश्य तरळत होतं. बिल्डिंगच्या सुपरवायझरने नीट समजावलं: स्प्रिंकलरमधली लाल काचेची कुपी फुटते ती उष्णतेने, ६८ अंशांना. धुराला ती भीक घालत नाही. धूर चालत नाही तो डिटेक्टरला. तर कुंड लहान, बाल्कनीच्या दाराशी, खिडक्या सताड उघड्या, आणि आधी ऑफिसात कळवून ठेवायचं. फॉल्स सीलिंग अजून झालेलं नाही, त्यामुळे ते काळं पडायचा प्रश्न नाही. रिकाम्या घराच्या बाजूने आणखी एक मत पडलं.

आता माणसं. यादी करताना कुटुंबाचं खरं रूप दिसतं. "तीर्थप्रसादाला या" आणि "तीर्थप्रसाद व भोजनास या" यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने मराठी माणसाला निमंत्रण देऊ नये. पहिल्यात शिऱ्याची मूद आणि कॉफी, दुसऱ्यात पान. सासूबाईंनी वहीत दोन रकाने केले आणि रोज काही नावं पहिल्यातून दुसऱ्यात सरकत राहिली. दुसऱ्यातून पहिल्यात एकही आलं नाही. शिवाय फोन कुणाला आणि व्हॉट्सॲप कुणाला, हा वेगळाच घोळ. साठीच्या पुढच्यांना फोनच करावा लागतो, तोही दोघांनी. एकाने केला तर "ती बोललीच नाही" असं पुढे दहा वर्षं ऐकावं लागतं.

दूध उतू घालवायला कुणी बसायचं यावर घरात थोडी शांतता पसरली. मी म्हटलं, आईच बसतील. त्या म्हणाल्या, "अगं, मी कशी? तूच बस, तू सवाष्ण." मी तिथल्या तिथे गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, "घरात थोरलं माणूस असताना दुसरं कोण बसणार? आजीच बसतील." विषय संपला. असले गुरुजी जपून ठेवावेत.

आहेराबद्दल "कृपया आहेर आणू नये" असं लिहिणार आहोतच. तरी घड्याळं येतील, गणपती येतील, आणि जी पाकिटं येतील त्यांच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेलं असेल. जवळच्यांनी "काय आणू?" विचारलं तर मी सरळ सांगते, सतरंजी आणा. जाताना घेऊन जा.

आणि सगळे चांगलंच बोलतील. वास्तू तथास्तु म्हणते ना! त्यामुळे नव्या घरात टीका करायची झाली तरी ती कौतुकाच्या पोटात घालून करावी लागते. "हवा छान आहे, फक्त दुपारचं ऊन येत असेल." "बेडरूम मोठी आहे, फक्त कपाट ठेवलं की मग..." या "फक्त"नंतरचं वास्तूला ऐकू जात नसावं.

केटररचा पहिला प्रश्न, "पानं किती धरू?" मी ऐंशी म्हटलं. त्याने हसून शंभर लिहिलं. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा यांवर कुणाचा वाद नव्हता. वाद गोडावर. सासूबाईंना जिलेबी हवी होती; मी म्हटलं, मे महिन्यात आमरस सोडून जिलेबी करणं हा आंब्याचा अपमान आहे. केटररने दोन दर सांगितले: माणशी एक वाटी, किंवा अनलिमिटेड. फरक एवढा होता की नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला. लेक म्हणाली, अनलिमिटेडच ठेवा, म्हणजे लोक बाथरूमची दारं उघडून बघत बसणार नाहीत.

एवढं झाल्यावर खालच्या मजल्यावर निमंत्रण द्यायला गेले. नावं माहीत नव्हती, फक्त १६०४ एवढंच. फरशी ठोकायची आहे, होम आहे, वर ऐंशी-शंभर माणसं चालणार आहेत, तेव्हा त्यांना बोलावणं भाग होतं. दार एका काकूंनी उघडलं, हातात तीच छापील यादी. त्यांचीही वास्तुशांत त्याच रविवारी. मुहूर्त थोडे, ताबा सगळ्यांना एकदमच मिळालेला, तेव्हा दुसरं काय होणार! गुरुजीही तेच निघाले. आमच्याकडे सातला बसणार, त्यांच्याकडे अकराला. हे त्यांनी दोघींनाही सांगितलं नव्हतं. क्लबहाउस आम्ही जेवणासाठी धरलेलं, त्यांनीही त्यासाठीच अर्ज केलेला. लिफ्ट दोन, त्यातली एक सामानाची.

काकूंनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि आम्ही त्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला टेकून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. शेवाळ त्यांना मिळालं नव्हतं. आमच्यातलं अर्धं देते म्हटलं. त्यांच्याकडे गावाकडून खरी गोठ्यातली माती आली होती. क्लबहाउस एकच घ्यायचं, पंगती दोन उठवायच्या, त्यांची साडेअकराला बसवायची का आमची, ते गुरुजी वर किती वेळ घेतात त्यावर ठरेल. केटररही एकच केला तर दर उतरेल असं त्यांच्या मिस्टरांचं म्हणणं. जिलेबी त्यांनी आधीच सांगून ठेवली आहे, म्हणजे सासूबाई खूष. आता आमरस वाटीभर की अनलिमिटेड, एवढ्यावरच सोळाव्या नि सतराव्या मजल्याचं एकमत व्हायचंय.