दुर्खीम वाचताना कुठे अडतं

बडोद्यात समाजशास्त्राला प्रवेश घेतलेल्यांनो, कॉम्तवर आठवडे घालवू नका. त्याने शास्त्राला नाव दिलं आणि १८३० ते १८४२ या काळात सहा खंड लिहिले, एवढं पुरे. खरा कस लागतो तो एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाला वाचताना.

आधी त्याचा १८९५चा, समाजशास्त्राच्या पद्धतीवरचा ग्रंथ घ्या. ‘सामाजिक तथ्य’ म्हणजे व्यक्तीबाहेरचं, तिच्यावर दाब आणणारं. मग १८९७चा आत्महत्येवरचा अभ्यास. इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रोटेस्टंट प्रदेशांत दर जास्त आढळला, म्हणून आत्महत्या करणारी माणसं प्रोटेस्टंटच होती, असं ठरत नाही. दर समूहाचा असतो. त्यावरून एकट्या माणसाबद्दल बोललं की तर्क मोडतो. खुद्द दुर्खीमवरही हा आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

आत्महत्येचे प्रकार चार, पण चौथा, अतिनियमनाचा, म्हणजे नियमांचा जाच फार झाल्यावरचा, त्याने फक्त तळटीपेत उरकलाय. फार मोलाची तळटीप आहे ती!

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर त्यानंतरच उघडा. तो कृती करणाऱ्याच्या मनातल्या अर्थापासून सुरुवात करतो, म्हणजे नेमका उलट्या टोकाकडून. आपल्याच सयाजीराव विद्यापीठात १९५०च्या दशकात समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास शिकवत होते. त्यांचं जातीवरचं लेखन शेजारी ठेवून वाचलंत, तर ‘दाब’ म्हणजे काय ते लगेच उमगेल.