आषाढाची तुलना आषाढाशीच करा: वायरमनच्या मंदीबद्दल

मे महिन्यात कोकणातल्या वायरमनला जेवायला फुरसत नसते. आगोटीच्या आत पंप बसवून द्या, पडवीत दोन पॉइंट काढा, मुंबईची माणसं आलीत तोवर इन्व्हर्टरचं बघा. मग मृग लागतो आणि फोन थंडावतो. जुलैच्या मध्यावर डोक्यात किडा वळवळायला लागतो: आपलं काम घसरलंय का? गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळलं का? नोकरीच धरायला हवी होती का? सुतार, प्लंबर, गवंडी, सगळ्यांची हीच गत. ही शंका दरवेळी खोटी असते असं नाही, पण बहुतेक वेळा तिचं मापच चुकलेलं असतं.

आधी हंगाम बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे बंदरावरच्या वाड्यांत रोख पैसा आटतो. आंब्याचे पैसे आले असले तरी ते बेगमीत आणि पोरांच्या शाळेत गेलेले असतात. चिऱ्याचं बांधकाम पावसात थांबतं, चातुर्मासात वास्तुशांत कोणी घालत नाही. या दिवसांत फोन वाजला नाही तर त्यात तुमच्या हाताचा दोष शोधू नका.

गंमत पुढेच आहे. आपला खरा हंगाम गणपतीला बांधलेला आणि आपण हिशेब करतो इंग्रजी महिन्यांनी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. दोन्ही ऑगस्ट शेजारी ठेवले तर धंदा बसला असंच वाटणार, कारण पंधरवड्याहून जास्त काम नुसतं पुढे सरकलंय. म्हणून चतुर्थीपासून मागे मोजा. चतुर्थीआधीचे सहा आठवडे गेल्या वर्षीच्या तशाच सहा आठवड्यांशी ताडून पाहा, आषाढ आषाढाशी. इतकं करूनही सलग दोन वर्षं फोन कमी दिसले, तर मात्र शंकेत तथ्य आहे आणि कारण शोधायला हवं.

दुसरी शंका हाताबद्दलची, आणि ती जास्त बोचते. पावसात परतून येणाऱ्या तक्रारींत आरसीसीबीचा, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइट तोडणाऱ्या स्विचचा नंबर पहिला. वायरमन जातो, आरसीसीबी बदलतो, लाइट येते, आठ दिवसांनी परत पडते. गिऱ्हाईक म्हणतं, तो काढूनच टाका. आपला स्वतःवरचा विश्वास इथे गळतो, खरं तर चुकलेली असते फक्त तपासायची रीत.

साध्या डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत, प्रत्येक सर्किटचा सिंगल पोल एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) फक्त फेज तोडतो. न्यूट्रल मात्र लिंकवर, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवर, जोडलेलाच राहतो. चिऱ्याची भिंत ओल धरते, जॉइंटवरची टेप सैल होते आणि न्यूट्रल अर्थला लागतो. त्या सर्किटचा एमसीबी पाडला तरी घरात दुसरं काही चालू झालं, की परतीच्या करंटचा थोडा वाटा त्या जखमी न्यूट्रलमधून जमिनीत जातो आणि आरसीसीबी पडतो. एकेक एमसीबी पाडून फॉल्ट शोधणारा इथे दिवसभर फिरत बसतो.

रीत अशी. मेन बंद करा आणि सप्लाय खरोखर गेलाय हे मीटरने बघा. इन्व्हर्टर वेगळा करा, नाहीतर तो मागून करंट देईल. फ्रिज, टीव्ही, गीझर, पंप, एलईडी दिवे सोडवा, कारण मेगरच्या (वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरच्या) ५०० व्होल्टने इलेक्ट्रॉनिक माल जाऊ शकतो. मग लिंकवरच्या न्यूट्रल वायरींना नंबर घालून एकेक सोडवा आणि प्रत्येकीचं अर्थशी रीडिंग घ्या, नंतर फेजचं अर्थशी. धड वायरिंग १ मेगाओहमच्या बरंच वर दाखवते. ज्या सर्किटचं खाली येईल त्याचा मधला जंक्शन बॉक्स उघडून दोन तुकडे करा, खराब तुकड्याचे पुन्हा दोन. बहुतेक वेळा चोर बाहेरच सापडतो: गेटचा दिवा, पागोळ्यांखालचा पॉइंट, पंपाच्या जमिनीतल्या केबलचा जॉइंट. रीडिंग पावसातच घ्या, आणि उघडीप होती की झड होती तेही लिहा. तीच भिंत चार दिवस उन्हं पडली की साळसूद होते.

सगळी सर्किटं ठीक निघाली तरी हात टेकू नका. ३० मिलिअँपचा आरसीसीबी नियमाने १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो. प्रत्येक उपकरणाची थोडी थोडी गळती मिळून दहा-बारा झाली असेल, तर दमट हवेचं निमित्त पुरतं. उपाय म्हणजे सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटणं. बायपास कोणी कितीही गळ घातली तरी करू नका.

अर्थिंगचं याच्या उलट आहे. ते एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसात ओल्या मातीत अर्थिंगचा कुठलाही पिट (खड्डा) छान रीडिंग देतो आणि खोटी हिंमत देतो.

हे सगळं वहीत उतरलं पाहिजे. तारीख, तक्रार, रीडिंग, काय बदललं, किती तास धरले होते आणि किती लागले. परत बोलावणं आलं तर शेजारी एकच शब्द: माल, हात, वापर किंवा हवा. तीन महिन्यांनी ‘हात’ किती आले ते मोजा. त्यात एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला, समजा वायरीच्या टोकाचा लग (धातूची टोपी) नीट न दाबणं, तर चांगलं क्रिंपिंगचं पक्कड घेतलं की प्रश्न मिटला. ‘हवा’ जास्त आले तर मालाची निवड बदला: खाडीकाठी स्टेनलेसचे स्क्रू, टिनचा मुलामा दिलेले लग, बॉक्समध्ये केबल खालून घ्यायची.

आता पैसा. जुलैची धास्ती मुळात मेमध्ये लावलेल्या दरातून येते, असं माझं ठाम मत आहे. उदाहरणादाखल, घरखर्च महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,०००. पेट्रोल, गाडी, ड्रिलचे बिट, हत्यारांची दुरुस्ती, विमा मिळून ६०,०००. एकूण ३,००,०००. पाऊस, सण, माल आणायच्या खेपा आणि नुसतं बघून यायचे दिवस वजा केले तर मजुरीचे दिवस धरा १८०. म्हणजे दिवसाला साधारण १,६६७ पडले पाहिजेत, हेल्परचा रोज वेगळा. तुम्ही १,२०० घेत असाल तर वर्षाला ८४,०००चा खड्डा पडतो. तो मेमध्ये दिसत नाही, आषाढात पाय त्यातच अडकतो. मालाचा बयाणा हा दुकानदाराचा पैसा, तो वेगळ्या खात्यात ठेवा. मजुरी अर्धी पाइप-वायरिंग झाल्यावर आणि उरलेली टेस्टिंग दाखवून त्याच दिवशी मागा. ‘गणपतीत आलो की देतो’ ही उधारी शिमग्यापर्यंत लांबते.

सरकारी योजनेच्या भरवशावर बसायचं असेल तर आधी यादी वाचा. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, गवंडी, लोहार, होडी बांधणारे, जाळी विणणारे त्यात आहेत, वायरमन आणि प्लंबर नाहीत.

झोप उडाली असेल, संध्याकाळची बाटली रोजची झाली असेल, तर त्या अवस्थेत डीबी उघडू नका. जागरणाने जड झालेल्या डोक्याला मेन बंद केल्याची खात्री करायचं सुचत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

रिकाम्या आषाढात करण्यासारखं एक काम मात्र हमखास आहे: चाकरमान्यांची बंद घरं. चतुर्थीच्या पाच-सहा आठवडे आधी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाका: आरसीसीबीचं टेस्ट बटण, डीबीतल्या मुंग्या-पाली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आणि पंप, सगळं बघून व्हिडिओ पाठवतो, एवढे पैसे. आकडा मेसेजमध्येच लिहा. वर्षभर बंद मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) पंपाला थेट बटण दाबू नका. सप्लाय तोडून मागचं कव्हर काढा, पंखा हाताने फिरवून शाफ्ट मोकळा करा, प्रायमिंगचं पाणी भरा आणि मगच चालू करा. नुसता घूं घूं आवाज करत राहिला तर लगेच बंद करा आणि कपॅसिटर बघा, नाहीतर वाइंडिंग जळेल. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, तेही खुणेपर्यंतच. चावी कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्या, शेजारची काकू शेतावर गेलेली असली तर खेप फुकट जाते.