बॅगेत दोन सात नंबर

डॉक्टर त्या शनिवारी गोल्फच्या दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आले. एक त्यांच्या खांद्यावर, दुसरी मामांच्या. मामा म्हणजे त्यांचे कॅडी. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर चौदा वर्षं ते डॉक्टरांची बॅग उचलतायत. फिटिंगला सहसा कॅडी येत नाहीत. मी मामांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. कोर्सवर उभे राहतात तसे हात मागे बांधून नेटच्या बाजूला उभे राहिले, ते संध्याकाळपर्यंत.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी. क्लब फिटिंग हे माझं काम. माणसाची उंची, हात, स्विंग बघून त्याला कोणता क्लब, किती लांबीचा, कोणत्या कोनाचा लागेल ते ठरवायचं, आणि हातातला क्लब त्याप्रमाणे करून द्यायचा. बहुतेक लोक एकच प्रश्न घेऊन येतात, कुठल्या क्लबने बॉल लांब जाईल. डॉक्टरांचा प्रश्न उलटा होता. त्यांच्या मुलीने जूनमध्ये अमेरिकेहून नवा आयर्न सेट, म्हणजे लोखंडी हेडच्या नंबरवार क्लबांचा संच, पाठवला होता. नंबर मोठा तसा बॉल उंच उडतो आणि जवळ पडतो. पोकळ हेड, पातळ फेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, आणि हलके शाफ्ट, म्हणजे दांडे. पहिल्याच आठवड्यात सात नंबर दहा-पंधरा यार्ड पुढे जायला लागला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी असं झालं तर कुणालाही आनंद होईल, त्यांनाही झाला. पण जानेवारी उजाडेपर्यंत हँडिकॅप 14 वरून 17 वर गेला होता. हँडिकॅप म्हणजे ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, कमी तेवढा चांगला.

"अंतर वाढलं आणि स्कोअरही वाढला," डॉक्टर म्हणाले. "काय बिघडलंय ते मला सांगा. स्विंग बिघडला असेल तर तसं सांगा."

मामा हळूच म्हणाले, "ताई, साहेबांचा स्विंग तोच आहे. बॉल ग्रीनवर पडतो, पण राहत नाही, पळत ग्रीनच्या मागे निघून जातो. पावसाळ्यात ग्रीन ओल्या असतात, तेव्हा कळलं नाही. दिवाळीनंतर कळायला लागलं. आणि बॉल पडतो तिथे पहिल्यासारखा खड्डाही होत नाही, नुसतं खरचटल्यासारखं दिसतं. खड्डा बुजवायला मला वाकायला लागलेलं नाही किती दिवसांत."

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. गोल्फमध्ये बॉल उंचावरून ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर, आदळला की छोटा खळगा पडतो आणि तो बुजवणं ही शिस्त आहे. खळगा पडत नाही, याचा अर्थ बॉल सपाट येतोय. मामांनी यंत्राशिवाय अर्धं निदान केलं होतं.

"मामांवर माझा विश्वास आहे," डॉक्टर म्हणाले, "पण रिपोर्ट बघितल्याशिवाय मी औषध बदलत नाही. आकडे काढा."

माझ्याकडचा लाँच मॉनिटर कॅमेऱ्यांवर चालतो. रडारवाली यंत्रं बॉलचा हवेतला प्रवास मागून बघतात. माझं यंत्र बॉलच्या शेजारी जमिनीवर ठेवलेलं असतं आणि क्लब लागल्यानंतरचे पहिले काही इंच टिपतं. बॉलचा वेग, सुटण्याचा कोन, स्पिन म्हणजे बॉलची फिरकी मोजतं आणि पुढचा प्रवास गणिताने काढतं. त्यामुळे दोन गोष्टींबाबत मी हट्टी आहे. बॉल खेळाडू रोज वापरतो तोच हवा, रेंजवरचा घासलेला नको. आणि सेटिंगमध्ये पुण्याची उंची भरलेली हवी, साधारण 560 मीटर. इथली हवा थोडी विरळ, म्हणून चेंबूरला मारलेला तोच फटका पुण्यात दोन-तीन यार्ड पुढे पडतो. हे जमवलं नाही तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

डॉक्टरांनी हात मोकळे केले. आधी जुना सात नंबर, दहा फटके. जुना सेट फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, मऊ कार्बन स्टीलचा, सतरा वर्षं वापरलेला. सोलवरचं, म्हणजे तळाचं, क्रोम उडून खालचं करडं लोखंड दिसत होतं, आणि फेसवर बॉल जिथे लागतो तिथे आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग पडला होता. अगदी मधोमध. तो डाग बघून मला स्विंगची काळजी उरली नाही. मग थोडी विश्रांती, आणि नवा सात नंबर, दहा फटके. फेसवर मी दर वेळी पायाला मारायचा पावडर स्प्रे मारत होते, म्हणजे बॉल नेमका कुठे लागला ते उमटतं.

सरासरी आली. जुना सात हवेतून 137 यार्ड, नवा 145. फरक आठ यार्ड.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "कोर्सवर तर जास्त वाटतं."

मलाही ते पटत नव्हतं. जुन्या सातचा बॉल 18.5 अंशांवर सुटत होता. त्या स्विंगला, त्या क्लबला मी 20 च्या वर धरलं असतं. सहज म्हणून जुना सहा नंबर मारायला लावला, तर तो गेला 139. सहा आणि सातमध्ये दोन यार्ड!

"ते तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा नंबर मी वापरतच नाही. दोन्ही सारखेच जातात."

किती वर्षं? त्यांना आठवेना. मामा म्हणाले, "चार-पाच वर्षं तरी."

मी दोन्ही क्लब आत नेऊन लॉफ्ट मोजायच्या मशीनवर लावले. लॉफ्ट म्हणजे फेस किती मागे झुकलाय तो कोन. मशीनमध्ये हेड घट्ट आवळायचं, फेसवर गेज टेकवायचं आणि काटा वाचायचा. सात नंबर मुळात 34 अंशांचा, काटा 32 वर. सहा नंबर 30 चा, काटा 31 वर. मऊ फोर्ज्ड लोखंडाचं हे असं असतं. सराव मॅटवरचा असेल तर खालची कडक जमीन वर्षानुवर्षं क्लबला धक्के देते आणि हॉझल, म्हणजे हेडला शाफ्ट जोडतात तो गळा, कणाकणाने वाकत जातं, कधी इकडे, कधी तिकडे. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. माणूस मग सहा नंबर बॅगेत ठेवूनही खेळातून काढून टाकतो आणि दोष स्वतःला देतो. दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, लॉफ्ट तपासून घ्या म्हणून मी प्रत्येकाला पोटतिडकीने सांगते. पाच मिनिटांचं काम आहे.

मऊ असल्यामुळे वाकलेला क्लब परत सरळही करता येतो, हा या लोखंडाचा गुण. कास्ट केलेलं, म्हणजे ओतीव, कडक स्टील असं वाकवायला गेलं तर तुटायची भीती असते. हॉझलला बार लावला, दोन हातांनी दाब दिला, गेज बघितलं, पुन्हा थोडा दाब. सात 34 वर, सहा 30 वर. डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. हाडांचे डॉक्टर, त्यामुळे हे काम त्यांना ओळखीचं वाटलं असावं. "हळू, हळू," असं दोनदा म्हणाले.

परत नेटसमोर. आता जुना सात 131 वर आला. म्हणजे नव्याशी फरक चौदा यार्ड.

डॉक्टर खूश झाले. "बघा, म्हणजे नवा सेट खरंच लांब जातो!"

मी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. जुन्याचा स्पिन मिनिटाला 6,200 फेरे, नव्याचा 4,500. जुन्याचा बॉल 44 अंशांनी खाली उतरतो, नव्याचा 38 अंशांनी. आयर्नचा बॉल 45 च्या आसपास उतरला तर थांबायची आशा असते. 38 अंशांचा, कमी स्पिनचा बॉल हिवाळ्यातल्या टणक ग्रीनवर पडला की पळणार. मामा सांगत होते ते हेच. आणि सरासरीच्या खाली लपलेली आणखी एक गोष्ट होती. जुन्या सातचे दहा फटके 126 ते 136 मध्ये पडले होते. नव्याचे 133 पासून 156 पर्यंत. दोन फटके फेसच्या वरच्या भागात लागले होते, पावडरमध्ये ठसे स्पष्ट होते, आणि त्या दोघांचा स्पिन 4,000 च्याही खाली गेला होता. कित्येक ग्रीनची खोली पंचवीस-तीस यार्ड असते. एकाच क्लबचा, एकाच स्विंगचा बॉल तेवीस यार्डांत कुठेही पडणार असेल तर झेंड्याकडे नेम धरून काय उपयोग?

आम्ही स्क्रीनकडे बघत बोलत होतो, तेवढ्यात मागून टक् असा आवाज आला. मामांनी दोन क्लब उचलून फरशीवर शेजारी शेजारी टेकवले होते. एक नवा, एक जुना. एका डोळ्याने, वाकून, ते फेस जुळवून बघत होते.

"ताई, हा नवा आठ आणि हा जुना सात. झुकाव एकच दिसतो."

मी जाऊन बघितलं. दोन्ही फेस एका रेषेत. मशीनवर लावलं, नवा आठ 33.5, जुना सात 34. कंपनीच्या तक्त्यातून मला हे आधीच काढता आलं असतं, आणि शेवटी मी ते काढलंही असतं. पण सगळा दिवस सात विरुद्ध सात अशी तुलना चालली होती ती माझ्याकडूनच, आणि ती मोडली मामांनी.

नवा सात मुळात 29 अंशांचा. म्हणजे जुन्या हिशेबाने सहा नंबर, किंचित पुढेच. शिवाय पाव इंच लांब, आणि शाफ्ट 120 ग्रॅमऐवजी 95 ग्रॅमचा. पन्नास वर्षांपूर्वी सात नंबर 38 अंशांच्या आसपास असायचा आणि पिचिंग वेज, म्हणजे त्याहून जवळच्या फटक्यांचा क्लब, 50 च्या. पिढ्यामागून पिढ्या कोन कमी होत गेले आणि सोलवरचा आकडा तोच राहिला. याला कारणंही आहेत. पोकळ हेडचं वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे बॉल आपोआप वर उठतो, मग लॉफ्ट थोडा कमी केला तरी चालतो. पण 'थोडा' कुठे संपतो हे दुकानात कुणी सांगत नाही. तिथे एकच चाचणी होते, तुमचा सात आणि आमचा सात. मला हे मनापासून खुपतं.

डॉक्टरांनी नवा आठ मारला. 135 यार्ड, उतरण्याचा कोन 42. जुन्या सातपेक्षा चार यार्ड जास्त, आणि त्यातलाही काही भाग हलक्या शाफ्टचा, कारण क्लबचा वेग ताशी 73 मैलांवरून 75 वर गेला होता.

एकाच माणसाची एकाच दिवसातली तीन उत्तरं वहीत एकाखाली एक होती. 8, 14, 4. तिन्ही वेळा यंत्र बरोबर होतं.

मग मी वेज मोजले, आणि हँडिकॅपचं दुखणं तिथे सापडलं. नव्या सेटचा पिचिंग वेज 43 अंशांचा, 117 यार्ड जातो. त्याखालचा डॉक्टरांचा वेज 52 चा, 91 यार्ड. मध्ये सव्वीस यार्ड मोकळे. मी मामांना विचारलं, साहेबांना दुसऱ्या फटक्याला साधारण किती अंतर उरतं? "शंभर-एकशे दहा, बऱ्याच वेळा," मामा एका क्षणात म्हणाले. नेमक्या त्या अंतरासाठी बॅगेत क्लबच नव्हता. डॉक्टर तिथे पूर्ण फटक्याऐवजी अर्धा, पाऊण फटका मारत होते, आणि स्विंग बिघडला असं समजत होते.

सोपा उपाय होता, मधला एक नवा वेज त्यांना विकायचा. पण बॅगेत आधीच चौदा क्लब होते आणि नियमाने त्याहून जास्त नेता येत नाहीत. एक घालायचा तर एक काढायचा. आणि सपाट उतरणाऱ्या सात-आठचा प्रश्न तसाच राहिला असता.

आम्ही तिघं फरशीवर क्लब पसरून बसलो. लांबच्या फटक्यांना नवे आयर्न डॉक्टरांना खरंच मदत करत होते. जुना पाच नंबर त्यांच्या वेगाला आता उठतच नव्हता, नवा सहा व्यवस्थित उठत होता. म्हणून नवे सहा आणि सात ठेवायचे, आणि तिथून खाली जुने सात, आठ, नऊ आणि पिचिंग वेज. जुन्या चौघांमध्ये हलके शाफ्ट घालायचे. हॉझल तापवून जुने शाफ्ट काढले, नवे इपॉक्सीने बसवले, एक रात्र सुकू दिले. नव्या सातला धरून पायऱ्या नीट पडाव्यात म्हणून जुना सात शेवटी 33 वर ठेवला. तीन दिवसांनी मोजलं तर 145, 134, 124, 114, 104, आणि मग 91. कुठेही तेरा यार्डांहून मोठी पायरी नाही.

फक्त बॅगेत दोन सात नंबर झाले. मामांनी घरून नेलपॉलिश आणून जुन्याच्या हॉझलवर लाल ठिपका दिला.

फेब्रुवारीत एका सकाळी मी त्यांच्याबरोबर चालायला गेले. आकडे जमिनीवर उतरलेले बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका ठिकाणी झेंडा 132 यार्डांवर होता. मामांनी वाऱ्याकडे बघितलं, काही न विचारता लाल ठिपक्याचा सात काढून डॉक्टरांच्या हातात दिला. बॉल उंच गेला, झेंड्याच्या डावीकडे पडला, एकदा उसळला आणि थांबला.

ग्रीनवर पोचल्यावर डॉक्टर पटर घेऊन सरळ बॉलकडे गेले. मामा मात्र चार पावलं अलीकडे थांबले, खिशातून बॉल टेकवायची लाकडी टी काढली आणि गुडघा टेकून वाकले.